पणजीचा धक्का ते दोनापावला : एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत राहणाऱ्या माणसाच्या घरी पाहुण्यांचे फोन दोनदा वाढतात, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात. "एक दिवस तुझ्या पणजीला ठेवलाय, काय काय बघू?" असं मला सांगलीच्या मावशीपासून ठाण्याच्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. फोनवर तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी पणजीतल्या मळा या भागात वाढले, अजून पणजीतच राहते. खाली लिहिलेल्या वाटेने शेकडो वेळा गेले आहे.

सगळे तर कळंगुट-बागा करतात. पणजी-दोनापावल्याला अख्खा दिवस कशाला द्यायचा?

कारण इथे समुद्र, नदी आणि शहर एकमेकांना लागून आहेत, आणि ते पायी फिरून बघता येतं. पणजी आणि दोनापावला दोन्ही तिसवाडीत आहेत. तिसवाडी म्हणजे खरं तर बेटच. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि मागच्या अंगाला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. मांडवीच्या काठाने निघून जुवारीच्या मुखापर्यंत जायचं, मध्ये फक्त सात किलोमीटर. एवढ्याशा अंतरात दोन नद्या समुद्राला मिळताना दिसतात.

टूरच्या बसने आलेली मंडळी दोनापावल्याला वीस मिनिटं थांबतात, टोपी घेतात, फोटो काढतात आणि निघतात. मग "तिथे काही नाही" असं सांगतात. वीस मिनिटांत खरंच काही नाही. दिवस काढलात तर पुष्कळ आहे.

सुरुवात कुठून करावी?

पणजीच्या फेरी धक्क्यावरून. आणि पहिलं काम म्हणजे पणजी सोडून मांडवीच्या पलीकडे बेतीला जायचं.

मी हे सांगितलं की प्रत्येक जण बुचकळ्यात पडतो. आत्ताच तर पणजीत आलो, लगेच बाहेर कशाला? पण या शहराचं तोंड नदीकडे आहे. जुना आदिलशाही वाडा, इमाकुलादा चर्चकडे चढत गेलेली घरं, काठावरच्या सरकारी इमारती, हे सगळं पाण्यावरून येणाऱ्या माणसाला दिसावं अशा रीतीने बसलेलं आहे. रस्त्याने येणारे आपण शहरात मागच्या दाराने शिरतो. फेरीत बसून बेतीला जा, खाली उतरा, पुढच्या फेरीने परत या. परतताना पुढच्या बाजूला कठड्याशी उभं राहा. पणजी हळूहळू मोठी होत समोर येते. पूर्वी आगबोटीने येणाऱ्यांना ती अशीच दिसायची.

फेरीला पायी जाणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. इंजिनाची धडधड पायातून पोटऱ्यांपर्यंत चढते. पलीकडचा धक्का जवळ आला की खलाशी दोर हातात घेऊन पुढे येतो, लोखंडी फळी साखळीवर खाली सुटते आणि सिमेंटच्या उतारावर खणकन आपटते. फळी पुरती टेकायच्या आधीच स्कूटरवाले गिअर टाकून तयार असतात. तुम्ही घाई करू नका, आधी त्यांना जाऊ द्या.

मी लहान असताना, 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला. नवा पूल 1992 मध्ये सुरू झाला. मधली वर्षं फेरीवर काय गर्दी असायची ते आठवतं. शाळेला जाणारी मुलं, दुधाचे कॅन, नोकरदार, माशांच्या टोपल्या, सगळे एका फळीवर. बाबा माझं मनगट इतकं घट्ट धरायचे की उतरल्यावर बोटांचे वळ दिसायचे. आज नदीवर तीन पूल आहेत, त्यातला 2019 साली खुला झालेला अटल सेतू तर लांबूनच नजरेत भरतो. तरी फेरी चालू आहे आणि ती चालू राहावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबईची आगबोट इथेच लागायची ना? आता ती मिळते का?

हो, पणजीच्याच धक्क्याला. रोजच्या वापराची ती बोट आता नाही.

आजी मालवणची. तिच्या तोंडी 'स्टीमर' शब्द कधी नव्हता, 'बोट' किंवा 'आगबोट'. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला यायची. एक दिवस आणि एक रात्र. मधल्या बहुतेक बंदरांत बोट काठाला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची आणि लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचे. आजी सांगायची की मालवणला चढताना तिचा जीव मुठीत असायचा, आणि पणजीला मात्र फळीवरून सरळ चालत उतरायचं, म्हणून पणजी तिला फार मोठं शहर वाटायचं.

पावसाळ्यात बोट बंद. 1955 नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा तर वाहतूक वर्षानुवर्षं तुटली होती. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी लोकांच्या सवयीच्या झाल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीला ही सेवा थांबली. 1990 च्या दशकात काही वर्षं दमानियांची वेगवान कॅटामरान होती, 2018 मध्ये 'आंग्रिया' ही आलिशान क्रूझ सुरू झाली. पण चटईवर पथारी टाकून, शिदोरी सोडून, शेजारच्या कुटुंबाशी सोयरीक जुळवत येणारी ती बोट ही नव्हे. कोकण आणि गोवा यांच्यात नात्यांची जी वीण आहे, तिच्यातले कितीतरी धागे त्या डेकवर जुळले. माझ्या आत्याचं लग्नही असंच ठरलं.

बोट येण्याच्या सकाळी बाबा मला धक्क्यावर न्यायचे. आधी भोंगा ऐकू यायचा, मग आग्वादच्या किल्ल्याच्या बाजूने काळा धूर, आणि धक्क्यावरचे हमाल उठून उभे राहायचे. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, मे महिन्यात रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या. तो वास मला आजही आंब्याची पेटी उघडली की धक्क्यावर नेतो.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा?

सकाळी साडेसात-आठला फेरी. मग नाश्ता. ऊन चढायच्या आत जुना वाडा, चर्च आणि मळा-फोंताइन्हास ही जुन्या घरांची वस्ती. दुपारी जेवण आणि सावली, यात कंजुषी करू नका, मार्चनंतर बारा ते तीन उन्हात फिरणं म्हणजे संध्याकाळ वाया घालवणं. साडेतीनच्या सुमारास कांपाल, तिथून मिरामार, मग दोनापावला, सूर्यास्त तिथेच. मिरामार पणजीपासून तीन किलोमीटर, चालायची आवड असेल तर नदीकाठाने कांपालवरून पायी जा. पुढचा टप्पा बसने.

पणजीत बघण्यासारखं नेमकं काय आहे?

आदिलशाही वाडा धक्क्याच्या जवळच आहे. 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला त्याच्या आधीपासूनचा. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुन्या गोव्याकडून पणजीला राहायला आले ते याच वाड्यात, आणि 1843 मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. मुक्तीनंतर इथे विधानसभा भरायची, 2000 साली ती पर्वरीला गेली.

वाड्याशेजारी एक पुतळा आहे, तिथे थांबाच. झगा घातलेला पाद्री, पुढे केलेले दोन्ही हात आणि त्याच्यासमोर मागे कलंडणारी बाई. नवख्या माणसाला तो पुतळा भीतीदायक वाटतो. हे आबे फारिया, 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेले. पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले आणि समोरच्याला गुंगी येते ती कुठल्या अदृश्य द्रवाने नव्हे, तर त्याच्याच मनात रुजवलेल्या सूचनेने, असं मांडलं. तेव्हा लोकांनी हसण्यावारी नेलं. 1945 मध्ये हा पुतळा उभा राहिला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. हातांच्या बोटांकडे बघा, सगळा ताण तिथे आहे.

फोंताइन्हासमध्ये फोटो काढू देतात का?

रस्त्यावरून काढा. कुणाच्या दारातल्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून, गॅलरीत शिरून नको. त्या पिवळ्या-निळ्या घरांत माणसं राहतात, म्हातारी माणसं दुपारी झोपतात. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या आईने घराच्या पायरीवर कुंड्या मांडून ठेवल्या आहेत, केवळ लोक बसू नयेत म्हणून. त्या घरात मी अभ्यासाला जायचे, तेव्हा त्या पायरीवर आम्हीच बसायचो. आम्ही या सगळ्या भागाला मळाच म्हणतो. वर टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, तिथपर्यंत चढलात तर कौलांचा सगळा पसारा खाली दिसतो.

सेंट सेबॅस्टियन कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, एक क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता, मग आदिलशाही वाड्यात आला, 1918 मध्ये इथे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. ज्या दालनात तो टांगलेला होता तिथे काय काय चालायचं हे ठाऊक असेल तर त्या उघड्या डोळ्यांसमोर फार वेळ उभं राहवत नाही.

खायचं कुठे आणि काय?

सकाळी पणजीकर भाजी-पाव खातो. पावभाजी नव्हे! पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र करून मिश्र. सोबत पाव, वर मिरचीची भजी आणि काचेच्या ग्लासात चहा. पिकलेल्या केळ्याचे गोडसर बन्स मिळाले तर सोडू नका, पातळ भाजीत बुडवून खायचे असतात. काफे भोसले, काफे ताटो ही नावं कुणालाही विचारा, हात करून दाखवतील. नाश्त्याला नऊच्या आधी जा.

दुपारी शीत-हुमण. थाळीत भात, माशाची आमटी, तळलेला बांगडा किंवा इसवणाची म्हणजे सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर आणि सोलकढी. किसमूर भातावर चुरून घ्या, वेगळी खाऊ नका. इसवण महाग असतो. बांगडा स्वस्त असला म्हणून कमी समजू नका, ताजा बांगडा रेशादाचा मसाला भरून तळलेला असेल तर इसवणाकडे बघवत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मासा महाग आणि बहुतेक बर्फातला.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. खतखतं, तोंडाक, नीरफणसाची कापं मागा. गोव्यातला हिंदू सोमवारी, गुरुवारी, सणावाराला शिवराक म्हणजे शाकाहारीच जेवतो, त्यामुळे शिवराक जेवण इथे परक्यासारखं बनत नाही. 'शिवराक' हा शब्द लक्षात ठेवा.

मिरामारला मुलांना पाण्यात सोडू का?

घोट्यापर्यंत. त्याच्या पुढे नाही.

मिरामार दिसायला शांत, वाळू लांब-रुंद, पण ते मांडवीचं मुख आहे. ओहोटीला नदीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेतं आणि तळाची वाळू जागा बदलत राहते. काल गुडघाभर पाणी होतं तिथे आज खड्डा असू शकतो. जीवरक्षक शिट्टी मारतात ती उगाच नाही, लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. वाळूवर दारू पिणं, स्वयंपाक मांडणं कायद्याने बंद आहे, दंड होतो. दंड नसता तरी काचेच्या बाटल्या फोडून जाणाऱ्यांना मी माफ केलं नसतं. आमच्या पोरांचे तळवे कापतात.

वाळूकडे जाताना सुरूच्या झाडांजवळ भाऊसाहेब बांदोडकरांचं स्मारक लागतं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. 12 ऑगस्ट 1973 ला ते गेले. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या त्यांच्या काळात. आईची पिढी त्या शाळांमुळे शिकली, म्हणून आई तिथून जाताना आजही हात जोडते.

भरती-ओहोटी कशी कळणार?

मोबाइलवर कळतेच. पण आजीचं गणित सांगते, कालनिर्णय बघून करता येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पणजीकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेवढं धरून चालायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी वरही जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं. सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, बेताचं.

याचा उपयोग काय? ओहोटीला दोनापावल्याचे खडक उघडे पडतात आणि लोक त्यावर उतरतात. शेवाळ धरलेला खडक तेल लावल्यासारखा असतो. माझा चुलतभाऊ भरती लागायच्या वेळी तिथे घसरला, हनुवटीला पाच टाके. तो पोहायला पट्टीचा, पण खडकावर पोहणं कामाला येत नाही. जेटीवरूनच समुद्र बघा.

दोनापावला हे नाव कुणाचं? कोळी आणि राजकन्येची गोष्ट खरी आहे का?

गाइड सांगतो ती गोष्ट अशी : व्हाइसरॉयची मुलगी पावला एका कोळ्याच्या प्रेमात पडली, बापाने नाही म्हटलं, तिने या कड्यावरून उडी घेतली. पौर्णिमेच्या रात्री ती गळ्यात मोत्यांची माळ घालून पाण्यातून वर येते.

खरी दोना पावला होऊन गेली. सतराव्या शतकातली घरंदाज पोर्तुगीज बाई, लग्न झालेली. 1682 मध्ये वारली आणि तिची समाधीशिळा जवळच काबोच्या टोकावरच्या कपेलात आहे. उडी, कोळी, मोती हे सगळं नंतर लोकांनी रचलं. ती गावकऱ्यांना धरून होती, त्यांच्या अडीअडचणीला धावायची, म्हणून तिचं नाव गावाला राहिलं, असंही इथे सांगतात. मला हीच आठवण जास्त जवळची वाटते. प्रेमासाठी मेलेली मुलगी पर्यटकाला आवडते, आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना मात्र गावाच्या उपयोगी पडलेली बाई सांगावीशी वाटते.

आणि ते पांढरे पुतळे? ती पावला आणि तिचा कोळीच ना?

नाही. बहुतेक पर्यटक तसंच समजून फोटो काढतात. 1969 मध्ये जर्मन शिल्पकार बॅरोनेस यर्सा फॉन लाइस्टनर यांनी ते घडवले आणि त्यांच्या मनात भारताची प्रतिमा होती. पुरुष पूर्वेकडे बघतो, स्त्री पश्चिमेकडे. पुढच्या वेळी गेलात की दोघांच्या नजरा तपासा. एकमेकांकडे बघणारं जोडपं ते नाहीच.

1981 सालच्या एका गाजलेल्या हिंदी सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं आणि त्यानंतर प्रेमी जिवांची जागा हे नाव पक्कं झालं.

जेटी उघडी आहे ना? मागे बंद होती म्हणे.

काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, डागडुजी होऊन पुन्हा खुली झाली आहे. प्रवेशाला आणि पार्किंगला थोडे सुटे पैसे जवळ ठेवा.

जेटीच्या टोकाशी उभं राहिलात की समोर पाण्यापलीकडे मुरगाव बंदर, नांगर टाकलेली मालवाहू जहाजं. पूर्वी मोसमात इथून मुरगावला लाँच जायची, माझे एक काका वास्कोत नोकरीला त्या लाँचने जात. उजवीकडे काबोचं टोक. मागे टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, 1 जानेवारी 1966 ला स्थापन झालेली. हिंदी महासागराचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास त्या सुमाराला झाला, त्यातून ती निघाली. तुमच्यासोबत दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याला सांगा की मान्सूनचे वारे समुद्राला कसे ढवळतात याचा अभ्यास करणारे लोक त्या टेकडीवर बसतात.

काबोला आत जाता येतं का?

ते राज्यपालांचं निवासस्थान, त्यामुळे एरवी परवानगीशिवाय नाही. 15 ऑगस्टला कपेलाचं फेस्त म्हणजे सण असतो, तेव्हा लोकांना आत सोडतात. वाटेवर एक जुनी इंग्रजी दफनभूमी आहे. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्रज फौज गोव्यात येऊन बसली होती, तिच्यातली माणसं इथे पुरली आहेत.

सूर्यास्त कुठून बघावा, मिरामार की दोनापावला?

डिसेंबर-जानेवारीत दोनापावल्याच्या जेटीवरून. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, काबो आणि मुरगाव यांच्या मधल्या मोकळ्या समुद्रात उतरतो. सहा ते साडेसहाच्या दरम्यान सगळं संपतं, त्यामुळे साडेपाचला जागा धरा. मे महिन्यात तो काबोच्या टेकडीकडे सरकतो, तेव्हा मिरामारची वाळू बरी, सात वाजेपर्यंत उजेड असतो.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

झेपेल. फेरी, कांपालचा नदीकाठ, मिरामारचे बाक हे सगळं सपाटीवर. फोंताइन्हासमधून आल्तिनोच्या टेकडीकडे जाणारे चढ टाळा. चर्चच्या पायऱ्या खालूनच बघा, सुंदर दिसतात त्या खालूनच. त्याऐवजी महालक्ष्मीच्या देवळात न्या. 1818 साली उभं राहिलेलं हे देऊळ, पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी आधी जिंकलेल्या भागात, उघडपणे बांधायला परवानगी मिळालेलं पहिलं. त्याआधी कित्येक पिढ्या देव पलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवून लोक नदी ओलांडून दर्शनाला जात. माझ्या सासूबाई देवळात बसून हे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आत्ता मी जशी चप्पल काढून सरळ आत आले, तसं त्यांना येता येत नव्हतं." आणि परत एकदा उठून देवीसमोर गेल्या.

पावसाळ्यात यावं का?

मला विचाराल तर जुलैतलं पणजी सर्वांत देखणं. पण जेटीवर लाटा चढतात, वारा छत्री उलटी करतो, आणि सूर्यास्त नशिबात असेल तरच. पावसाळी चपला आणि जादा कपडे घेऊन या, समुद्र लांबून बघायची तयारी ठेवा. पहिल्यांदाच येत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

मांडवीवरची क्रूझ घ्यावी का?

सांता मोनिका जेटीवरून तासाभराच्या बोटी सुटतात. तिकीट पर्यटन महामंडळाच्या खिडकीवर घ्या, रस्त्यात हात धरणाऱ्याकडून नको. गाणी फार मोठ्याने लावतात. मुलांना मजा वाटते. मला विचाराल तर फेरीच. नदीत नांगरलेल्या कसिनोच्या बोटींबद्दल लोक विचारतात. मला त्या आवडत नाहीत. रात्री त्यांच्या दिव्यांनी पाणी उजळतं खरं, पण लहानपणी याच काठावरून पलीकडच्या रेइश मागूशचा मंद दिवा दिसायचा आणि पाण्यावर चंद्र.

मराठीत बोललं तर चालेल?

बिनधास्त बोला. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान आहे, इथे मराठी दैनिकं सकाळी घराघरांत पडतात, गावोगाव मराठी नाटकं होतात. सोळाव्या शतकात कृष्णदास शामा याच भूमीत मराठीत कृष्णचरित्र लिहीत होता. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्याचंच नाव आहे, आणि त्या ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची. पण समोरचा कोकणीत बोलला तर "मराठीत बोला" असं म्हणू नका. थोडं कान देऊन ऐकलंत की कळतं. निघताना "देव बरें करूं" म्हणा, आभार मानायची इथली रीत.

येण्याजाण्याची सोय?

रेल्वेने करमळी सर्वांत जवळ, त्यानंतर थिवी. बसस्थानकावरून मिरामारमार्गे दोनापावल्याच्या बस सुटतात. एकटे असाल तर 'पायलट' करा, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. भाडं बसायच्या आधी ठरवा. काळोख पडल्यावर दोनापावल्याहून परतीच्या बस विरळ होतात, म्हणून शेवटची बस कितीला ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.

खरेदी?

काजू पणजीच्या बाजारात घ्या, जेटीवर टोपी घ्या.

जेटीवर गरी टाकून बसलेल्या लोकांजवळ जाऊन बसलं तर चालतं का?

चालतं, फक्त त्यांच्या दोरीवर पाय देऊ नका आणि सावली पाण्यावर पाडू नका. काठी क्वचितच असते. प्लास्टिकच्या बाटलीभोवती गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, गरीला सुंगटाचा तुकडा. गेल्या जानेवारीत पुण्याहून आलेली माझी भाची एका आजोबांशेजारी बसली. तासभर दोघांत एक शब्द नाही. मग त्यांनी दोरी तिच्या तर्जनीवर ठेवली आणि म्हणाले, "हांगा बोट दवर. नुस्तें आधी विचारतां, मागीर खातां." म्हणजे, इथे बोट ठेव, मासा आधी विचारतो, मग खातो. तिला कोकणी येत नाही. तरी तिने बोट हलू दिलं नाही. दोरीला दोनदा अगदी हलका चिमटा बसला, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आजोबांनी मान हलवली. तिसऱ्यांदा तिने ओढली. तळहाताएवढी काळुंदर, खवल्यांवर मोतिया ठिपके, शेपटीने जेटीचा सिमेंट ओला करत होती. आजोबांनी गरी सोडवली, मासा परत तिच्याच हातात दिला आणि कुठे सोडायचा ते बोटाने दाखवलं.